व्याह्यांचा बारावा आरसा

आमच्या व्याह्यांइतका दुसऱ्याच्या कामात खोट काढणारा माणूस रेवसपासून मुरुडपर्यंतच्या किनाऱ्यावर सापडायचा नाही, आणि स्वतःच्या कामात त्याच्या दुप्पट खोट काढणारा तर कुठेच नसेल. जगातली कुठलीही वस्तू सरळ नाही, गोल नाही आणि सपाट तर नाहीच नाही, अशी त्यांची पक्की खात्री आहे. ही खात्री समोरच्याला पटवायला त्यांना दाढीचं एक ब्लेड पुरतं. हे मी रागाने लिहीत नाही. राग होता, तो गुडघ्यांबरोबर झिजला.

मी थळचा. चौथीतून शाळा सुटली आणि हातात लादी घासायचा दगड आला, तो चाळीसेक वर्षं सुटला नाही. आधी मोझेक, मग शहाबादी, कडप्पा, शेवटी शेवटी मार्बल. अलिबागेत आजही अशा लाद्या आहेत की ज्यांच्यावर उभं राहिलं तर माणसाला आपल्याच नाकपुड्या दिसतात. मोठमोठे बंगलेवाले, त्यांचे इंजिनियर, कुणी माझ्या कामावर बोट ठेवलेलं नाही, आणि एकाने ठेवलं तेव्हा मी सामान उचलून घरी आलो होतो. असा मी माणूस. तर आमच्या कुंदाच्या लग्नाची बैठक आमच्याच घरी होती. सतरंजीवर दोन्हीकडची माणसं, हातात पोह्यांच्या बश्या, देण्याघेण्याचं बोलणं अजून निघायचं होतं. घराची लादी मी स्वतः केली होती. कुणीतरी कौतुक केलं, तेव्हा मी म्हटलं, सगळीकडे एकसारखी हाय, पाणी ओतलं तर कुठल्या बाजूला जाऊ हे त्याला कळायचं नाही. एवढं ऐकून मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली, सतरंजी दुमडली, आडवे झाले आणि लादीला गाल लावून एक डोळा मिटला. सगळ्यांना वाटलं पाहुण्यांना चक्कर आली. कुणी कांदा शोधायला धावलं. विहीणबाई मात्र शांतपणे पोहे खात होत्या, त्यावरून मला समजायला हवं होतं. व्याही उठले, गालाची धूळ पुसली आणि म्हणाले, “लादी सुरेख आहे. त्या कोपऱ्यात मात्र जरा उतरलीय.”

दुसरा कुणी असता तर मी त्याला त्याच कोपऱ्यात उभा केला असता. पण मुलीच्या बापाला त्या दिवशी जीभ नसते. आमच्या मंडळींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मी गिळलं. लग्न झालं, कुंदा चौलला नांदायला गेली, दोन नातवंडं झाली, ती शिकायला बाहेर गेली. तो कोपरा मात्र माझ्या घशात तसाच राहिला.

व्याही कारखान्यात मीटर दुरुस्त करणारे फिटर होते. काटा एका रेषेने इकडचा तिकडे झाला तर जेवण न जाणारा माणूस. रिटायर झाल्यावर बाकीचे लोक देवळाचा जीर्णोद्धार काढतात, यांनी दुर्बिणीचे आरसे काढले. मुंबईच्या भंगार बाजारातून बोटीच्या खिडकीच्या इंच इंच जाडीच्या काचा आणायच्या, वाळूने भरलेल्या पिंपावर एक काच बसवायची, तिच्यावर दुसरी ठेवून मधे कारबोरंडमची पावडर आणि पाणी घालून घासायचं. घासत घासत एक काच बशीसारखी खोलगट होते. मग रेवदंड्याच्या होडीवाल्यांकडून राळ आणून तिची थापी करायची आणि सोनाराकडच्या लाल पावडरीने ती बशी चकचकीत करायची. इतकं मला पटण्यासारखं होतं, आमचाच धंदा तो. पण आम्ही चकाकी आली की ऑक्झॅलिकची पावडर मारून फडकं झटकतो आणि निघतो. व्याह्यांचं काम चकाकी आल्यावर सुरू होतं.

त्यांच्या वाडीतल्या घरामागे सुपारी ठेवायची एक लांब खोली आहे. खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं, भर दुपारी आत काळोख. एका टोकाला आरसा उभा करतात. साडेनऊ फुटांवर दुसऱ्या टोकाला एका पत्र्याच्या डब्यात बॅटरी, आणि डब्याला सुईने पाडलेलं भोक. त्या भोकातला उजेड आरशावर जातो, परत येऊन एका ठिपक्यात गोळा होतो, आणि त्या ठिपक्यात व्याही हळूच ब्लेडची धार सरकवतात, पाठीमागे डोळा लावून. ब्लेडने उजेड कापला की आरशावर सावल्या उठतात. जी काच हाताला लोण्यासारखी लागते तिच्यावर डोंगर दिसतात, खड्डे दिसतात, मधेच कपाळावर यावं तसं टेंगूळ दिसतं. केस उभा चिरून त्याचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाच्याही उंचीचं नसेल ते, पण दिसतं खरं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे ब्लेड जर माझ्या लाद्यांवर फिरलं तर जन्मभराच्या कामाची काय अब्रू राहील.

पण या बघण्याचे घरात जे हाल, ते कुंदाला विचारा. खोलीतली हवा हलता कामा नये, कारण गरम हवेचा झोत आरशावर धुरासारखा दिसतो. आरशाला नुसता अंगठा लावला तरी त्याच्या उबेने तिथे फोड आल्यासारखी काच फुगते आणि बसायला पाव तास घेते. त्यामुळे बघणं चालू असेपर्यंत पंखा बंद, चूल बंद, भाकरीचा तवा उतरवलेला. एकदा कुंदाने जवळ्याला फोडणी दिली तर व्याही आतून ओरडले की आरशाला ताप आलाय. पाहुणे आले तर त्यांना अंगणातच थांबवायचं, आणि ते सलग अर्धा तास उभे राहिले तर सज्जन समजायचे. शेजारच्या वाडीत नारळ पडला तरी सावली थरथरते, म्हणून ते माडावर चढणाऱ्या पाडेल्याला विचारून दुपार ठरवत. विहीणबाईंना दमा. त्या खोकला आला की तोंडाला पदर लावून विहिरीपर्यंत जात आणि तिथे खोकून परत येत. एकदा मी म्हटलं, विहीणबाई, तुम्ही एवढं कसं सोसता? त्या म्हणाल्या, “लग्नात मला पण असेच बघत होते. कशात तरी पास झाले असेन म्हणून आणलं.”

असे अकरा आरसे झाले आणि एकही पास झाला नाही. एकाच्या मधे टेंगूळ, एकात पाण्यात खडा टाकल्यासारखी वलयं, एक लांबट. तो लांबट असला म्हणजे आरसाच लांबट की त्याला उभा करताना दाब पडला, हे ठरवायला त्यांनी तो पाव पाव फिरवून आठ दिवस पाहिला. खोट आरशाबरोबर फिरली, तेव्हा समाधानाने म्हणाले की आरसाच वाईट आहे. समाधान त्यांना खोट सापडल्याचं होतं, नसल्याचं नव्हे. आज त्यातला एक लोणच्याच्या बरणीवर झाकण आहे, दोन पापडाच्या पिठावर वजनाला, आणि एक वाडीत पन्हळीखाली पाण्याची धार झेलतो. सातवा शाळेच्या गुरुजींनी मागून नेला, नळीत बसवला आणि एका संध्याकाळी मैदानात सगळ्या गावाला शनीचं कडं दाखवलं. रांग लागली होती. बायका, म्हातारे, मासळी विकून परतलेल्या कोळणी टोपल्या खाली ठेवून उभ्या. जो तो डोळा लावून हरखून बाहेर येई, आणि शेजारी आमचे व्याही हात जोडून प्रत्येकाला सांगत, “हे खरं इतकं वाईट नसतं हो. आरशाची कड पडलीय.” एक कोळीण म्हणाली, “दादा, शनीची कड पडू दे, माजी तर कंबर मोडलीय सकाळपासून उभं राहून.” सगळे हसले. व्याही हसले नाहीत. काठाला काच जास्त झिजली की कड पडते, हे ते तिला समजावून सांगायला लागले.

अशा माणसाचा बारावा आरसा घासायला मी का बसलो, हे मला विचारतात. त्याला कारण झालं. गेल्या वर्षी त्यांचा खांदा धरला, हात वर जाईना. आणि त्याच सुमारास अलिबागच्या डॉक्टरांनी डोळ्यात काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून राखायची, आणि ही नजर कडेने जाते, मधली शेवटी जाते, असं डॉक्टर म्हणाले. घरात व्याह्यांनी फक्त थेंबाचं सांगितलं. मला मात्र फोन करून चौलला बोलावलं, पिंपापाशी उभं केलं आणि जमिनीकडे बघत म्हणाले, “व्याही, एकतरी पास झालेला आरसा मला या डोळ्यांनी बघायचाय. हात तुमचे, डोळे माझे. करता का?” इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, अगदी बैठकीतसुद्धा. मी हो म्हणालो.

दर मंगळवारी आणि शनिवारी मी थळहून दोन एसट्या बदलून जाऊ लागलो. पिंपाभोवती चालत घासायचं असतं, म्हणजे आरसा सगळीकडून सारखा होतो. दोन पावलं, सहा हात, पुन्हा दोन पावलं. देवळातही मी कधी इतक्या प्रदक्षिणा घातल्या नव्हत्या. व्याही स्टुलावर बसून मोजत, आणि मी एक हात कमी मारला तर तेवढ्यावरून फेरी बाद करत. दोन महिन्यांनी चकाकी आली. माझ्या हाताची चकाकी ती, मला ठाऊक होतं कशी आहे. काळोख केला, पंखा बंद झाला, कुंदाने तवा उतरवला, विहीणबाई विहिरीवर गेल्या. व्याह्यांनी ब्लेडमागे डोळा लावला आणि पाच मिनिटांनी म्हणाले, “मधे छान आहे. कड पडली.”

मला तो कोपराच आठवला. वीसेक वर्षांचं तुंबलेलं एकदम बाहेर आलं. मी म्हटलं, व्याही, तुमी ब्लेडनं बघता, मी हातानं बघतो, माज्या हाताला कड लागत न्हाय. ते म्हणाले, हाताला लागणार नाही. मी म्हटलं, मंग ज्याच्या हाताला लागंल त्याला बोलवा. मुलीच्या घरातून मी पाणी न घेता निघालो. कुंदा फाटकापर्यंत मागे आली आणि मी विसरलेला टॉवेल तेवढा हातात दिला.

पुढचे तीन आठवडे माझा गुडघा दुखत होता. निदान फोनवर मी तसं सांगत होतो. चौथ्या आठवड्यात एका सकाळी व्याही स्वतः थळला आले, एकटे, दोन एसट्या बदलून. दारातून आत येताना उजव्या अंगाचा खांब त्यांना दिसला नाही. तोच धरलेला खांदा त्यावर आपटला. कळ डोक्यात गेली असणार, पण चेहरा तसाच ठेवून म्हणाले, खांब सरळ आहे तुमचा. मी चहा ठेवला. ते सरळ जाऊन त्या कोपऱ्यात बसले आणि लादीवरून तळवा फिरवू लागले. मग म्हणाले, घासायचं मशीन इथे पोचत नसेल ना, मग कोपरा कसा घासता, दाखवा. मला वाटलं नव्हतं, पण दाखवायला बरं वाटलं. दगड हातात नसताना मी खाली बसलो आणि दाखवलं की भिंतीकडे अंगाचा भार द्यायचा, दगडाची पुढची बाजू दाबायची, कारण कडेला नेहमी कमी घासलं जातं, म्हणून तिथे जोर जास्त. चाळीस वर्षांची सवय, न सांगता हात तसाच जातो. व्याही बराच वेळ माझ्या हाताकडे बघत बसले.

“पिंपापाशी पण तुम्ही हेच करता,” ते म्हणाले. “थापी कडेवर आली की दाबता. इथे दगड थांबवायला भिंत आहे. काचेला भिंत नसते, व्याही.”

चहा उतू गेला तो बघायला मी उठलो. त्यांनी मला चुकलात म्हटलं नव्हतं, आणि पहिल्यांदाच खोट कुठे आहे ते न सांगता ती कशी आली ते सांगितलं होतं. शिवाय तो कोपरा खरोखरच उतरला असणार, हेही त्या सकाळीच मला कळलं. आमच्या मंडळी आज असत्या तर हसल्या असत्या.

मंगळवारपासून पुन्हा दोन एसट्या. आता कड मागे आणायची म्हणजे बाकीची सगळी काच तिच्याइतकी खाली न्यायची. घर खचलं म्हणून अख्खं गाव खोदण्यासारखं. मी थापी कडेवर आली की मुद्दाम हात हलका करायचो. दमायचो ते घासून नाही, न दाबून. उतारवयात माणसाला हात सोडायला शिकवणं फार कष्टाचं काम आहे. पावसाळा गेला, दिवाळी गेली, सुपारी उतरवून झाली, तिच्यामुळे खोली अर्धी भरली आणि आम्ही पोत्यांमधून वाट काढत फिरू लागलो. व्याही आता अंगणात चालताना एक हात पुढे धरत. घरात सगळ्यांना कळलं होतं, पण कुणी बोलत नव्हतं. कोण काय सांगेल त्यांना, जो माणूस केसाचा शंभरावा भाग सांगतो?

गेल्या माघात एका दुपारी व्याह्यांनी आरसा उभा करायला सांगितला. सगळं नेहमीसारखं. तवा उतरला, पंखा थांबला, विहीणबाई आधीच खोकून आल्या होत्या आणि त्या दिवशी कुंदासकट दारातल्या पोत्यावर बसून राहिल्या. व्याह्यांनी ब्लेड सरकवलं, मागे घेतलं, पुन्हा सरकवलं. खूप वेळ गेला. मग डोळा काढला आणि म्हणाले, “पास.”

कुणाला खरं वाटेना. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला, पण खोकल्यासाठी नव्हे. कुंदा माझ्याकडे बघून हसत होती, जशी लहानपणी मी अलिबागेतून फुगा आणला की हसायची. व्याही बाजूला झाले आणि मला म्हणाले, बघा तुमचं काम. मी स्टुलावर बसलो, डोळा लावला. इतक्या महिन्यांत बघायला मीही शिकलो होतो. चांगल्या आरशाला दोन्ही कडांना केसासारखी उजेडाची बारीक रेघ दिसते. एका अंगाची रेघ गेली की कड पडली समजायचं. आरसा मधे तर असा की साय धरलेलं दूध. डावी रेघ होती. उजवी नव्हती.

मी पुन्हा पाहिलं. माझा धंदा, माझा हात, आणि मला पास म्हणणारा कोण, तर ज्याने जन्मात कशाला पास म्हटलं नाही तो. गप्प बसायचं एवढंच होतं. दारात दोघी बायका बसल्या होत्या. व्याह्यांना जे या डोळ्यांनी बघायचं होतं ते बघून झालं होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण हा माणूस गावभर शनी दाखवतानाही हात जोडून खोट सांगत उभा होता, आणि त्याला मी खोटा आरसा देऊन घरी जाणार, दोन एसट्या बदलून, हे काही जमेना.

“व्याही,” मी म्हटलं, “कड पडलीय.”

“कुठल्या अंगाला?”

“उजव्या. डावी रेघ हाय, उजवी न्हाय.”

ते परत बसले. डोळा लावला. इतका वेळ की बॅटरी पिवळी पडायला लागली. मग ब्लेडवरचा हात खाली घेऊन हळू म्हणाले, “मला दोन्ही दिसतात.” ब्लेड काढून ठेवलं. “उजवी असायला हवी म्हणून दिसत असेल.”

कुंदा उठली आणि तवा पुन्हा चुलीवर ठेवायला गेली. विहीणबाई त्यांच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मी माझ्या हातांकडे बघत बसलो, त्यांच्याकडे बघवेना म्हणून. पण चहा येईपर्यंत व्याहीच म्हणाले, रेघ पूर्ण गेलीय की नुसती फिकट आहे ते नीट बघून सांगायला हवं होतं तुम्ही, अर्धवट सांगून काय उपयोग. तेव्हा मला जरा धीर आला.

तेव्हापासून आमचं काम उलटं झालं आहे. हात माझे, डोळेही माझेच, आणि त्यांचं काय म्हणाल तर विचारणं. मी पिंपाभोवती फिरतो, ते स्टुलावर बसून फेऱ्या मोजतात, अजूनही एक हात कमी पडला तर फेरी बाद करतात, कानाने कळतं म्हणतात. माझा गुडघा आता खरोखर दुखतो. आरसा निवला की मी ब्लेडमागे बसतो आणि ते काळोखात विचारतात, “रेघ?” मी सांगतो, डावी पक्की, उजवी खालच्या अर्ध्यात आली, वर न्हाय. ते मान हलवतात. पुढच्या मंगळवारी पुन्हा.

उजवी रेघ येते आहे, खोटं कशाला सांगू. या वर्षात कधीतरी पूर्ण येईल आणि मला पास म्हणावं लागेल. त्या दिवशी ते ब्लेडमागे बसणार नाहीत, बसून उपयोगही नसेल. भरल्या बैठकीत माझ्या तोंडावर विश्वास न ठेवता लादीला गाल लावून बघणारा हा माणूस, तो आता काळोखात नुसता माझा शब्द घेऊन स्टुलावर बसतो. म्हणून मी एकदा बघतो, पुन्हा बघतो, मग डोळा पुसून तिसऱ्यांदा बघतो, आणि तोपर्यंत ते काही बोलत नाहीत.